लसूणघास: बर्फात टिकणारं झाड आणि बाटलीत उगवणारं झाड

टिश्यू कल्चर हा शब्द आपल्याकडे बहुतेकांनी केळीमुळे ऐकलेला असतो. जळगावकडे कुणाची केळीची बाग असेल तर 'जी नाईन'ची रोपं लॅबमधून येतात हे तुम्हाला माहीत असेलच. त्यामुळे आपला एक समज झालाय: कुठल्याही झाडाचा तुकडा घ्या, बाटलीत टाका, हजार रोपं तयार. माझाही तोच समज होता. मी सॉफ्टवेअर लिहितो, माझ्यासाठी कॉपी-पेस्ट हे जगातलं सगळ्यात सोपं काम. मग मी लसूणघासीबद्दल वाचायला लागलो आणि कळलं की काही झाडं कॉपी व्हायला चक्क नकार देतात. आणि होकार द्यायचा की नकार, हेसुद्धा त्यांच्या जीन्समध्ये लिहिलेलं असतं.

लसूणघास म्हणजे लुसर्न, अमेरिकेत तिला अल्फाल्फा म्हणतात. लसणाशी काही संबंध नाही, आणि खरं तर ती घासही नाही. तिचं एक पान तोडून बघा, तीन-तीन पानांचा झुपका दिसेल, अगदी मेथीसारखा. ती मेथीच्याच कुळातली आहे, म्हणून काही भागांत तिला मेथीघास म्हणतात. मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, म्हणून युरिया कमी लागतो आणि चाऱ्यात प्रोटीन भरपूर येतं. एकदा पेरली की अनेक वर्षं कापत राहायची. दुधाच्या धंद्यात याहून चांगला हिरवा चारा मिळणं कठीण.

आपल्याकडे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि महिन्याभराच्या अंतराने कापतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'आरएल 88' हे वाण त्यासाठीच आहे. आपल्या थंडीने तिला काही होत नाही. पण हीच घास जगातल्या थंड देशांतल्या गाईंचाही मुख्य चारा आहे. कॅनडा, मिनेसोटा, सायबेरिया. तिथे उणे 30 अंशांचा हिवाळा येतो आणि पीक वर्षानुवर्षं जमिनीत उभं ठेवायचं असतं. खरी गोष्ट तिथे सुरू होते.

थंडीने झाड नेमकं कसं मरतं?

हिवाळ्यात लसूणघासीचा वरचा पाला वाळून जातो. जिवंत राहतं ते सोटमूळ आणि जमिनीलगतचा बुंधा. वसंतात नवे कोंब याच बुंध्यातून येतात. म्हणजे प्रश्न एवढाच: बुंधा जिवंत राहिला का?

आपल्याला वाटतं पाणी गोठलं, पेशी फुटली, झाड मेलं. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या काचेच्या बाटलीसारखं. पण सहसा तसं होत नाही. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत तयार होतो, पेशीच्या आत नाही. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढत राहतो आणि पेशी आतून कोरडी पडत जाते. थंडीतलं मरण हे बऱ्याच अंशी तहानेचं मरण असतं. पेशीचा पडदा सुरकुततो, फाटतो, आणि बर्फ वितळल्यावर आतला माल बाहेर गळतो.

यावर झाडाचा उपाय म्हणजे आधीपासूनची तयारी. शरद ऋतूत दिवस लहान होतात, तापमान उतरतं, तेव्हा झाड वाढ कमी करून मुळात साठा करायला लागतं. पिठूळ स्टार्चची साखर होते: सुक्रोज, रॅफिनोज, स्टॅकिओज. या साखरा पाणी धरून ठेवतात आणि पेशीचा पडदा सांभाळतात. मुळात प्रोटीनचाही साठा होतो. थंडी लागल्यावरच चालू होणारे काही खास जीन्सही आहेत. ही तयारी एका रात्रीत होत नाही, काही आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये त्याच झाडावर अचानक कडक थंडी सोडली तर ते सरळ मरेल. नोव्हेंबरात तेवढीच थंडी ते पचवतं.

शेतात याशिवाय आणखी भानगडी असतात. पाऊस पडून त्याचा बर्फाचा थर जमिनीवर बसला की बुंधा हवेविना गुदमरतो. जमीन गोठते-वितळते-गोठते, त्यात मूळ हळूहळू वर ढकललं जातं आणि बुंधा उघडा पडतो. उलट मऊ भुसभुशीत बर्फाची जाड गादी असेल तर ती गोधडीचं काम करते. बर्फ असणं वाईट नाही, बर्फ नसणं वाईट.

पीक मेलं तर पुन्हा पेरायचं, त्यात काय? इथेच घोळ आहे. जुन्या लसूणघासीतून जमिनीत अशी द्रव्यं उतरतात जी लसूणघासीच्याच नव्या रोपांना वाढू देत नाहीत. त्यामुळे त्याच जागी लगेच तीच घास पेरता येत नाही. एका हिवाळ्यात शेत गेलं की शेतकऱ्याचा त्या वर्षीचा चारा जातो आणि पुढचं पीक नियोजनही बिघडतं. गाई मात्र रोज खातातच.

वेंडेलिन ग्रिमचं शेत

वेंडेलिन ग्रिम हा जर्मनीच्या बाडेन भागातला शेतकरी. 1857 साली तो अमेरिकेत मिनेसोटातल्या कार्व्हर काउंटीत स्थायिक झाला. येताना गावाकडच्या लसूणघासीचं थोडंसं बी बरोबर आणलेलं. पेरलं, आणि मिनेसोटाच्या हिवाळ्याने त्यातली बरीच झाडं मारली. ग्रिमने काय केलं? जी वाचली त्यांचं बी धरलं आणि तेच पेरलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली, पुन्हा वाचलेल्यांचं बी धरलं. असं वर्षानुवर्षं.

त्याला जेनेटिक्स माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, मेंडेलचा निबंध आला तोच 1866 मध्ये आणि तो तेव्हा कुणी वाचलाही नाही. ग्रिम 1890 मध्ये वारला. त्याच्या घासीकडे कृषी संशोधकांचं लक्ष गेलं ते 1900 च्या आसपास, आणि मग 'ग्रिम' हे वाण उत्तर अमेरिकेच्या थंड भागात पसरलं. माझ्या मते वाण निवडीचा यापेक्षा स्वच्छ प्रयोग सापडणं अवघड आहे. हिवाळा हा टेस्ट केस, जो पास झाला तोच पुढच्या व्हर्जनमध्ये.

पण निवड चालायला आधी विविधता लागते. सगळी झाडं एकसारखी असती तर एक तर सगळी वाचली असती नाहीतर सगळी मेली असती. लसूणघासीत विविधता ठासून भरलेली असते, त्याची दोन कारणं. एक, तिचं परागीकरण मधमाश्या करतात आणि बहुतेक वेळा परागकण दुसऱ्या झाडाचेच असतात. दोन, आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, तिच्याकडे चार. त्यामुळे 'वाण' म्हणजे एक ठरावीक झाड नसतं, ती एक गर्दी असते. शेतातली दोन झाडं जेनेटिकली सारखी सापडणार नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्रिमच्या घासीची फुलं निव्वळ जांभळी नव्हती, त्यात हिरवट-पिवळ्या छटा होत्या. म्हणजे तिच्यात पिवळ्या फुलांच्या एका रानटी बहिणीचं रक्त होतं. शास्त्रीय नाव मेडिकागो फाल्काटा.

सायबेरिया आणि लेह

या पिवळ्या बहिणीमागे धावलेला माणूस म्हणजे नील्स हॅन्सन. जन्म डेन्मार्कचा, नोकरी साउथ डाकोटात. 1897 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला रशिया, तुर्कस्तान आणि सायबेरियाकडे पाठवलं, थंडी सोसणारी पिकं शोधायला. उत्तरेकडे जात राहिलं की जांभळी लसूणघास संपते आणि पिवळी सुरू होते, हे त्याने पाहिलं. नंतर 1906 आणि 1908 मध्येही तो त्या बाजूला गेला.

पिवळी घास कडक थंडी सहज सोसते. मग थेट तीच का नाही लावायची? कारण कापल्यावर ती लवकर फुटत नाही, उत्पन्न कमी, आणि शेंगा तडकून बी सांडून जातं. म्हणून तिचा संकर करायचा: थंडीतली ताकद तिची, वाढ जांभळीची.

दुसरा धागा आपल्या देशातला आहे. 1910 मध्ये लेहहून लसूणघासीचं थोडंसं बी अमेरिकेत गेलं. त्यातून 'लडाक' नावाचं वाण तयार झालं, जे थंडीतही टिकतं आणि कोरड्या हवेतही. मोंटानासारख्या भागात ते खूप चाललं. लडाखमध्ये साडेतीन हजार मीटर उंचीवर लोक आजही ही घास वाळवून घरांच्या छतांवर रचून ठेवतात, हिवाळ्यात जनावरांना घालायला. त्या छतांवरच्या घासीचे नातलग कॅनडाच्या प्रेअरीत उगवतात हे मला माहीत नव्हतं. कॅनडात स्विफ्ट करंट इथे 'लडाक' आणि सायबेरियन पिवळी यांच्या संकरातून 1955 मध्ये 'रँबलर' हे वाण निघालं. त्याची मुळं जमिनीखाली आडवी पसरतात आणि त्यातून नवे कोंब वर येतात. त्याच घराण्यातलं पुढचं वाण 'रेंजलँडर'. ही दोन नावं आपल्याला पुन्हा भेटतील.

हिवाळा खोलीत आणला

ग्रिमची पद्धत चांगली, पण भयंकर हळू. शिवाय खरा हिवाळा बेभरवशाचा. एखाद्या वर्षी सगळंच मरतं, एखाद्या वर्षी काहीच मरत नाही. दोन्ही वेळा निवड होतच नाही.

क्वेबेकमध्ये कॅनडाच्या कृषी खात्याच्या केंद्रात कास्तोंगे, मिशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम घरात आणलं. रोपं थंड खोल्यांत ठेवून शरद ऋतूसारखी टप्प्याटप्प्याने तयार करायची, मग साधारण निम्मी मरतील एवढ्या तापमानापर्यंत गोठवायची. वाचलेली पुन्हा फुटली की त्यांचा आपसात संकर, त्यांच्या बियांवर पुन्हा तेच. प्रत्येक फेरीनंतर गर्दीची थंडी सोसण्याची ताकद वाढत गेली. निवडीआधीची आणि नंतरची रोपं शेजारी ठेवून कुठले जीन्स आणि कुठल्या साखरा बदलल्या हे बघता येतं, हा वर बोनस.

एक अडचण मात्र जुनी आहे. थंडी सोसणारी झाडं शरद ऋतूत लवकर झोपतात, म्हणजे शेवटची कापणी हातची जाते. या झोपेसाठी 1 ते 11 असा स्केलच आहे: 1 म्हणजे कुंभकर्ण, 11 म्हणजे झोपतच नाही. पूर्वी समजायचे की झोप आणि थंडीतली ताकद ही एकच गोष्ट. 2000 च्या सुमाराला ब्रमर आणि सहकाऱ्यांनी हे नातं पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की दोन्ही बऱ्याच प्रमाणात वेगळं करता येतं. उशिरा झोपणारी आणि तरीही टिकणारी घास शक्य आहे.

पानाच्या तुकड्याचं फॅक्टरी रिसेट

आता लॅबकडे. केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये बहुधा कंदाचा वाढता कोंब घेतात. तिथे नवीन रोप बनवणाऱ्या पेशी आधीच हजर असतात, त्यांना फक्त वाढवत न्यायचं. लसूणघासीत नवा जीन घालायचा असेल तर मात्र पानाच्या किंवा देठाच्या साध्या पेशीपासून आख्खं झाड उभं करावं लागतं. त्या पेशीला 'तू पान आहेस' हे विसरायला लावायचं. फोनचं फॅक्टरी रिसेट करतो तसंच.

तुकडा निर्जंतुक करून अगरवर ठेवतात. त्यात क्षार, साखर, जीवनसत्त्वं आणि दोन प्रकारची हार्मोन्स. ऑक्सिन आणि सायटोकायनिनच्या प्रमाणावर पेशी काय बनणार हे ठरतं, असं स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये तंबाखूवर दाखवलं होतं. लसूणघासीत ऑक्सिन म्हणून वापरतात टू-फोर-डी. हो, तेच शेतात मारतात ते तणनाशक. अगदी थोड्या प्रमाणात ते हार्मोनसारखं काम करतं. काही आठवड्यांत तुकड्यावर पेशींचा ओबडधोबड गोळा वाढतो, त्याला कॅलस म्हणतात. मग तो हार्मोन नसलेल्या अगरवर हलवायचा. नशीब चांगलं असेल तर त्यावर बारीक हिरवे भ्रूण दिसू लागतात, बियांतल्या भ्रूणासारखेच, फक्त बी नसलेले. त्यातून रोप, मग मुळं, मग कुंडी.

आणि नशीब चांगलं नसेल तर? गोळा वाढतो, तपकिरी पडतो, मरतो. बहुतेक झाडांच्या बाबतीत हेच व्हायचं.

12 वरून 67

विस्कॉन्सिन विद्यापीठात सॉन्डर्स आणि बिंगहॅम यांनी 1972 मध्ये लसूणघासीच्या कॅलसमधून रोपं मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. पण सगळ्या झाडांतून नाही, थोड्याच. कुणीही पुढे काय केलं असतं? अगर बदललं असतं, हार्मोनचं प्रमाण बदललं असतं. बिंगहॅम मूळचा वाण तयार करणारा माणूस. त्याने बाटलीऐवजी झाड बदलायचं ठरवलं.

'सारानाक' आणि 'द्युप्वी' या दोन वाणांपासून त्याने सुरुवात केली. ज्या झाडांचे तुकडे बाटलीत रोप बनले, त्यांचाच आपसात संकर. पुन्हा चाचणी, पुन्हा संकर. अशा फक्त दोन फेऱ्यांत रोप देणाऱ्या झाडांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर गेलं. 1975 मध्ये हे छापून आलं आणि त्या ओळीला नाव मिळालं 'रिजेन-एस'. ग्रिमने हिवाळ्याशी जे केलं तेच बिंगहॅमने बाटलीशी केलं.

पुढे 1980 मध्ये राइश आणि बिंगहॅम यांनी दोन संच गुणसूत्रांच्या साध्या लसूणघासीत दाखवलं की हा गुण मुख्यतः दोन प्रभावी जीन्सवर चालतो. पुन्हा उगवण्याची क्षमता ही आनुवंशिक आहे, फुलाच्या रंगासारखी. लाल क्लोव्हर या दुसऱ्या द्विदल चारा पिकातही नंतर याच पद्धतीने चांगली उगवणारी ओळ निवडता आली.

मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले कायम टूल सुधारत बसतो. इथे टूल तसंच ठेवून इनपुटच असं घडवलं की टूल चालेल.

दोन वाटा एकत्र कुठे आल्या

पण मेख होती. 'द्युप्वी' हे जोमदार फ्रेंच वाण, कडक हिवाळ्याचं नाही. बाटलीत मस्त उगवणारी झाडं क्वेबेकच्या शेतात भरवशाची नाहीत, आणि तिथे टिकणारी झाडं बाटलीत उगवतीलच असं नाही. जीन घालायचा कुणात?

1985 मध्ये ब्राउन आणि अतानासोव या संशोधकांनी लसूणघासीचे ढीगभर वाण एकाच पद्धतीने बाटलीत तपासले. बहुतेक नापास. जे उत्तम उगवले त्यांचे पूर्वज तपासले तर घराणं पुन्हा पुन्हा तेच निघालं: पिवळी फाल्काटा आणि 'लडाक'. पसरत्या मुळांची वाणं त्यात पुढे होती, 'रेंजलँडर' त्यातलंच एक. सायबेरिया आणि लेहमधून थंडीसाठी आणलेलं रक्त नकळत बाटलीतली हुशारीही घेऊन आलं होतं.

इथे एक ब्रेक मारतो. थंडीचे जीन्स आणि पुन्हा उगवण्याचे जीन्स एकच आहेत असं यातून सिद्ध होत नाही. एकाच घराण्यात दोन गुण शेजारी असू शकतात. जमिनीत मुळापासून नवा कोंब काढणं आणि अगरवर देठापासून रोप काढणं यात काही समान असेल, अशी शंका मात्र कुणालाही येईल.

उपयोग लगेच झाला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात मॅकर्सी यांच्या गटाने सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचा जीन लसूणघासीत घातला. गोठल्यानंतर पेशीत ऑक्सिजनची जी घातक रूपं तयार होतात ती हे एन्झाइम निकामी करतं. 1990 च्या दशकातल्या त्यांच्या शेतातल्या चाचण्यांत अशी झाडं हिवाळ्यात जास्त टिकली.

डेव्हलपर फोन आणि विकायचा फोन

बाटलीतून निघालेलं एक झाड म्हणजे वाण नव्हे. मघाशी म्हटलं तसं वाण ही गर्दी असते. एकाच झाडापासून बी धरत गेलं तर दोन-तीन पिढ्यांत वाढ खुंटते, कारण लसूणघासीला जवळच्या नात्यातला संकर अजिबात मानवत नाही.

म्हणून चांगलं उगवणारं झाड हे डेव्हलपर फोनसारखं वापरतात, ज्याचा बूटलोडर उघडा आहे. नवं फीचर आधी त्यावर चढवायचं, मग ते बाजारातल्या मॉडेलमध्ये न्यायचं. नेण्याची पद्धत जुनीच: संकर. पहिल्या पिढीत बाटलीवाल्या झाडाचा वाटा निम्मा, पुढच्या संकरात पाव, मग एक अष्टमांश. प्रत्येक वेळी वेगवेगळी दणकट झाडं वापरायची, म्हणजे गर्दी टिकते. तणनाशक सोसणारी 'राउंडअप रेडी' लसूणघास अशीच झाली. तिच्यासाठी वापरलेलं मूळ झाड बाटलीत चांगलं उगवतं म्हणूनच निवडलेलं होतं. अमेरिकेत 2005 मध्ये परवानगी, 2007 मध्ये कोर्टाची बंदी, 2011 मध्ये पुन्हा परवानगी, असा तिचा प्रवास. मधमाशी परागकण दुसऱ्याच्या शेतात नेते, हा त्या भांडणाचा एक गाभा होता, आणि तो मुद्दा खोटा नव्हता.

2020 मध्ये चीनमधल्या एका गटाने तिथल्या 'शिंजियांग दाये' या वाणाचा पूर्ण जीनोम चारही प्रतींसह प्रसिद्ध केला आणि त्यात क्रिस्परने बदल करूनही दाखवले. पण क्रिस्परने पेशी बदलली तरी त्या पेशीपासून झाड करावंच लागतं. बिंगहॅमची अडचण तिथेही दारात उभी असते.

हिवाळा गरम झाला तर सुटलो?

उलट. पूर्व कॅनडाबद्दलचा अंदाज असा आहे की शरद ऋतू लांबेल आणि उबदार राहील, म्हणजे झाडाची तयारी अर्धवट राहील. बर्फाची गादी पातळ होईल, मध्येच पाऊस पडून बर्फाचे थर बसतील. सरासरी तापमान वाढूनही बुंध्याला बसणारी थंडी जास्त असू शकते. त्यामुळे फक्त जास्त उणे तापमान सोसणारं झाड पुरणार नाही. कमी तयारीत टिकणारं, आणि मधल्या उबेला फसून जानेवारीत जागं न होणारं झाड लागेल.

मधल्या काळात तिथला शेतकरी करतो ते साधं आहे: शरद ऋतूतली शेवटची कापणी अशा वेळी करायची की हिवाळ्याआधी मुळात साठा व्हायला काही आठवडे मिळतील, आणि कापताना थोडे खुंट उभे ठेवायचे, त्यात बर्फ अडकून राहतो.